हॅल फिनींना सातोशी ठरवताना आपण काय पुसतोय?

"हॅल फिनी हाच सातोशी नाकामोतो. पहिले बिटकॉइन त्यालाच मिळाले, त्याच्या गावात नाकामोतो आडनावाचा माणूस राहायचा आणि तो आजारी पडताच सातोशी गायब झाला." बिटकॉइन हे डिजिटल चलन सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कुणीतरी निर्माण केलं, आणि तो कोण हे अजून कळलेलं नाही; म्हणूनच अमेरिकन प्रोग्रॅमर फिनींबद्दलचा हा मजकूर कितीतरी ग्रुपवर फिरतोय. वाचायला चटकदार आहे, पण पटण्यासारखा नाही.

12 जानेवारी 2009 रोजी सातोशीने फिनींना 10 बिटकॉइन पाठवले, हे खरं आहे. बिटकॉइनचा हा पहिला व्यवहार 170 व्या ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीच्या 170 व्या पानावर म्हणा, नोंदलेला आहे. पण फिनींनाच का? कारण सातोशीचा बिटकॉइनची कल्पना मांडणारा शोधनिबंध आला तेव्हा बहुतेक जाणकार शंका काढत बसले होते आणि फिनींनी तो मनापासून वाचला होता. प्रोग्रॅम येताच त्यांनी तो आपल्या संगणकावर चालवला, तो बंद पडला की सातोशीला कळवलं. दोघांचा हा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. काही दिवसांनी फिनींनी मायनिंग, म्हणजे संगणकाला गणितं करायला लावून नवे बिटकॉइन मिळवणं, थांबवलं. संगणक तापत होता आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास होत होता, असं त्यांनीच 2013 मध्ये लिहिलंय.

गावाचा मुद्दा फार ताणण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियातल्या टेंपल सिटीत फिनी आणि तो नाकामोतो आडनावाचा माणूस, दोघं राहिले होते, एवढंच. टोपणनाव घेणारा माणूस शेजारच्याचं नाव उचलेल, हा निव्वळ तर्क झाला.

आजारपणाचा मुद्दा तर तारखांतच कोसळतो. फिनींना एएलएस, म्हणजे हळूहळू सगळं अंग लुळं पाडणारा आजार, झाल्याचं निदान ऑगस्ट 2009 मधलं. सातोशी त्यानंतरही डिसेंबर 2010 पर्यंत जाहीरपणे लिहीत होता, आणि एप्रिल 2011 पर्यंत त्याचे ईमेल येत होते. शिवाय 18 एप्रिल 2009 रोजी सकाळी फिनी सांता बार्बराला 10 मैलांच्या शर्यतीत धावत होते. नेमक्या त्याच वेळात सातोशीने माइक हर्न या प्रोग्रॅमरना ईमेल पाठवला, हे बिटकॉइन क्षेत्रातल्या जेम्सन लॉप यांनी 2023 मध्ये वेळा जुळवून दाखवलं.

पण मला खरी खंत वेगळीच आहे. या दाव्याच्या गदारोळात फिनींचं स्वतःचं काम कुणाला आठवत नाही. फिल झिमरमन यांच्या पीजीपी या ईमेल सांकेतिक करणाऱ्या प्रोग्रॅमवर ते अगदी सुरुवातीपासून राबले. 2004 मध्ये त्यांनी आरपीओडब्ल्यू ही डिजिटल टोकनांची व्यवस्था उभी केली. त्याआधीच्या, अ‍ॅडम बॅक यांच्या हॅशकॅश या स्पॅम रोखणाऱ्या पद्धतीत संगणकाने गणित करून तयार केलेलं टोकन एकदा वापरलं की संपायचं. फिनींच्या सर्व्हरला ते दिलं की तो त्याच किमतीचं नवं टोकन सही करून द्यायचा, आणि जुनं कायमचं बाद. म्हणजे टोकन हातोहात फिरू लागलं, नोटेसारखं. सर्व्हरच्या मालकानेच लबाडी केली तर? म्हणून तो आयबीएमच्या 4758 या सुरक्षित कार्डावर चालायचा. आत नेमका कोणता कोड चालू आहे, हे कुणालाही दुरून पडताळता यायचं. एकच टोकन दोनदा खर्च होऊ नये, हा प्रश्न त्यांनी सोडवला, पण मध्ये एक सर्व्हर राहिला. बिटकॉइनने तो काढला. बिटकॉइनचा एवढा जवळचा पूर्वज घडवणारा हा माणूस स्वतःच्या नावाने लिहीत होता हो!

2013 मध्ये अंग पूर्ण लुळं पडलेलं असताना, डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने ते बिटकॉइनची पाकिटं, म्हणजे बिटकॉइन सांभाळणारे प्रोग्रॅम, अधिक सुरक्षित करणारा कोड लिहीत होते. पूर्वीपेक्षा बहुधा 50 पट हळू, असं त्यांनीच नोंदवून ठेवलंय.