मालमत्तेच्या निकालाबाबत खुलासा

‘सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सरकारला आता कुणाचंही घर-जमीन घेता येणार नाही’ हा मेसेज फिरतोय. ५ नोव्हेंबर २०२४ चं निकालपत्र उघडून पाहा, त्यात असं नाही. प्रश्न राज्यघटनेच्या कलम ३९(ब) चा होता; समाजाची भौतिक संसाधनं सर्वांच्या हितासाठी वाटली जावीत, असं ते सांगतं. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटलं, प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाचं भौतिक संसाधन’ नसते; काही मात्र असू शकतात. कलम ३००अ नुसार कायद्याने मालमत्ता आजही घेता येते.

मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींचंही तेच. सत्तर टक्के रहिवाशांच्या मागणीवरून, मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदल्यात सरकारने इमारत घेण्याची म्हाडा कायद्यातली तरतूद (मोबदला तुटपुंजा, हे माझं मत) या नऊ जणांच्या पीठाने रद्द केलेली नाही. ती गेली असं समजून भाडेकरू उगाच धास्तावलेत. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.