‘१९८४ आधी सगळे फोन बाई जोडायची’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका जुन्या टेक्निशियनचं उत्तर

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच मेसेज आला, त्यातला एक तर माझ्या मेहुण्याकडूनच. मजकूर थोडक्यात असा: "तुम्हाला माहीत आहे का? १९८४ पर्यंत भारतात ऑटोमॅटिक टेलिफोन एक्सचेंज नव्हतंच, प्रत्येक कॉल ऑपरेटर बाई हाताने जोडायची. अमेरिकेतल्या स्ट्रोजर नावाच्या, अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या माणसाने एकट्याने डायलचा फोन शोधला. जुन्या मशीनला डोकं नव्हतं, नुसती खटखट, म्हणून राँग नंबर लागायचे आणि फोन डेड व्हायचे. डिजिटल आलं आणि ते सगळं भंगारात गेलं, आजच्या कंप्युटरशी त्याचा काडीचा संबंध नाही."

माझी नोकरीची अठरा वर्षं स्ट्रोजर एक्सचेंजच्या, म्हणजे आकडे फिरवले की मशीनच फोन जोडायचं त्या जुन्या पद्धतीच्या एक्सचेंजच्या, स्विचरूममध्ये गेलीत, त्यामुळे हे वाचून नुसतं सोडून देणं मला जमलं नाही. एकेक मुद्दा घेतो.

१९८४ चं आधी बघू. भारतातलं पहिलं ऑटोमॅटिक एक्सचेंज शिमल्याला बसलं १९१३-१४ साली, ७०० लाइनचं. म्हणजे चूक वर्षा-दोन वर्षांची नाहीये, चांगली सत्तर वर्षांची आहे. पुढे १९४८ ला बंगलोरला आयटीआय, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ही सरकारी कंपनी, सुरू झाली, लिव्हरपूलच्या कंपनीशी करार करून स्ट्रोजरची सगळी सामग्री, म्हणजे सिलेक्टर (नंबर शोधून जोडणारं यंत्र), रिले (करंटने चालणारा स्विच), रॅक, तिथे बनायला लागली आणि देशभर जायला लागली. आणि एसटीडी, म्हणजे मधे कुठलीही बाई न येता दुसऱ्या गावचा नंबर आपण स्वतः फिरवायचा, ती २५ नोव्हेंबर १९६० ला लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली.

मग लोकांच्या डोक्यात बाई कुठून आली? तर ती ट्रंक कॉलवरून आली. मुंबई-पुण्यात काळ्या बॅकेलाइटच्या फोनवरून लोकल नंबर लोक स्वतःच फिरवायचे, पण साताऱ्याहून नागपूरला बोलायचं तर ट्रंक बुक करा, फोनजवळ बसून राहा, घाई असेल तर अर्जंट लावा, फारच घाई असेल तर लाइटनिंग, आणि मग त्याचे पैसे बघून घरचे बोलणार. ती आठवण प्रत्येक घरात आहे आणि ती खरी आहे. छोट्या गावांत मॅन्युअल बोर्ड होते हेही खरं. पण त्यावरून ‘ऑटोमॅटिक नव्हतंच’ असं म्हणणं म्हणजे गावात एसटी येत नव्हती म्हणून देशात रेल्वेच नव्हती म्हणण्यासारखं आहे. १९८४ ला सी-डॉट, म्हणजे सरकारचं टेलिफोन संशोधन केंद्र, स्थापन झालं आणि त्यांचं १२८ लाइनचं ग्रामीण एक्सचेंज १९८६ ला कर्नाटकात कित्तूरला लागलं, एसी नसलेल्या खोलीत धुळीत उन्हात चालणारं, त्या कामाला माझा सलाम आहे. त्यांचं काम मोठंच आहे, ते मोठं दाखवायला आधीची सत्तर वर्षं पुसायची काय गरज?

आता स्ट्रोजर. आल्मन स्ट्रोजर हा कॅन्सस सिटीतला अंत्यविधीचा व्यवसाय करणारा होता हे बरोबर, ऑपरेटर बाई त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते अशा संशयावरून त्याने हे मशीन काढलं ही गोष्टही सगळीकडे सांगतात. त्याने अर्ज केला १८८९ ला, पेटंट मिळालं १० मार्च १८९१ ला. पण आपोआप फोन जोडण्याचं पेटंट त्याच्याही आधी, १८७९ ला, कॉनोली बंधू आणि मॅक्टाय यांनी घेतलेलं होतं, ते धंद्यात उतरलं नाही एवढंच. स्ट्रोजरच्या पद्धतीचं पहिलं एक्सचेंज इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात ३ नोव्हेंबर १८९२ ला उघडलं, आणि गंमत बघा, त्या फोनला डायलच नव्हती! बटणं होती, दहाचं बटण इतक्या वेळा दाबा, एककाचं इतक्या वेळा दाबा, आणि फोनपासून एक्सचेंजपर्यंत नेहमीच्या दोनऐवजी जास्तीच्या तारा ओढाव्या लागायच्या. फिरवायची डायल आली १८९६ ला, ती स्ट्रोजरच्या कंपनीतल्या कीथ आणि एरिक्सन बंधू यांनी केली, आणि त्याच वर्षी स्ट्रोजर आपली पेटंटं विकून मोकळा झाला. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक अख्खा महागडा सिलेक्टर ठेवला तर दहा हजार लाइनचं एक्सचेंज कुणाला परवडलंच नसतं, थोडे सिलेक्टर सगळ्यांनी मिळून वापरायचे ही युक्ती पुढे कीथनेच बसवली. म्हणजे ‘एकट्याने’ हा शब्द काढून टाका.

आता ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त लागलं ते. मशीनला डोकं नव्हतं.

माझ्या टेबलावर एक टू-मोशन, म्हणजे वर आणि आत अशा दोन हालचालींचा, सिलेक्टर आहे, भंगारवाल्याकडून विकत घेतलेला. मधे एक उभा दांडा, त्याला दात, खाली कॉन्टॅक्टची अर्धगोल मांडणी, तिला बँक म्हणतात, दहा मजले आणि प्रत्येक मजल्यावर दहा कॉन्टॅक्ट, म्हणजे शंभर जागा. दांड्याला वायपर, म्हणजे कॉन्टॅक्टवर टेकणारे हात, लावलेले, ते आधी वर चढतात मग आत फिरतात. वरती रिलेंची रांग. आता तुम्ही फोन उचलला की काय होतं ते सांगतो. उचलल्याबरोबर तुमच्या लाइनची लूप पूर्ण होते, लाइन रिले ओढला जातो, तुमच्या नावचा युनिसिलेक्टर, म्हणजे नुसता गोल फिरणारा छोटा स्विच, फिरायला लागतो आणि आपल्या पंचवीस जागांवर मोकळा सिलेक्टर शोधतो. मोकळा कसा कळतो? बोलायच्या दोन तारांसोबत एक तिसरी तार असते, तिला आम्ही पी वायर म्हणायचो, तिच्यावर अर्थ, म्हणजे जमिनीची जोडणी, मिळाला की तो बिझी, नाही मिळाला की मोकळा, लगेच पकडायचा आणि पकडल्या पकडल्या त्यावर स्वतःचं अर्थ टाकायचं म्हणजे दुसरा कुणी घुसणार नाही. हे सगळं डायल टोन येईपर्यंत, रिसीव्हर तुमच्या कानापर्यंत पोचायच्या आत.

मग तुम्ही ४ फिरवला. डायल परत जाताना लाइन चार वेळा तुटते, सेकंदाला दहा पल्स या वेगाने. सिलेक्टरमधला ए नावाचा रिले चार वेळा सुटतो, दांडा चार दात वर चढतो. पण आकडा संपला हे मशीनला कसं कळणार? इथे मला अजूनही त्या माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात. सी नावाचा एक रिले असतो, त्याच्या गाभ्यावर तांब्याचं जाड कडं बसवलेलं, करंट बंद झाला की चुंबकत्व उतरता उतरता त्या तांब्यात करंट फिरतो आणि रिलेला क्षणभर धरून ठेवतो. पल्स चालू आहेत तोवर तो सुटतच नाही, पल्स थांबले की सुटतो, आणि तो सुटला म्हणजे ‘आकडा संपला, आता आत फिर’. तसाच बी रिले, त्यालाही तांब्याचं कडं, पल्सच्या बारीक तुटण्याला तो दाद देत नाही, पण तुम्ही खरंच फोन ठेवलात तर सुटतो आणि सगळी जोडणी मोकळी करतो. वेळ मोजायला घड्याळ नाही, चिप नाही, तांब्याचं एक कडं.

सी सुटला की सिलेक्टर चौथ्या मजल्यावरच्या दहा जागा एकेक चाचपत जातो, मोकळी मिळाली की थांबतो, दहाच्या दहा भरलेल्या असतील तर अकराव्या पायरीवर जाऊन तुम्हाला एंगेज टोन देतो. शेवटचा जो फायनल सिलेक्टर, तो तुमचे शेवटचे दोन आकडे घेतो, एकाने वर दुसऱ्याने आत, समोरची लाइन मोकळी आहे का बघतो, घंटी वाजवतो, उचलला की घंटी तोडतो आणि मग तुमच्या मीटरला एक ठोका देतो. नातीने विचारलं होतं, आजोबा यात नंबर सेव्ह कुठे होतो? मी तिला दांडा बोटाने चार घर वर चढवून दाखवला आणि म्हटलं हा इथे थांबलाय ना, हाच नंबर. याला डोकं नाही म्हणायचं तर मग डोकं कशाला म्हणायचं?

राँग नंबर लागायचे, हो, लागायचे, मी खोटं कशाला सांगू. पण का लागायचे ते ऐका. डायल हळू पडली की मधेच सी सुटायचा आणि एक आकडा दोन व्हायचे. कुणी घाईत बोटाने डायल ढकलून परत आणायचं, पल्स इतके जलद जायचे की दांडा चढवणाऱ्या मॅग्नेटला पाठोपाठ उचलताच यायचे नाहीत. पावसाळ्यात केबलमध्ये, ती कागद गुंडाळलेली शिशाच्या आवरणाची केबल, पाणी शिरलं की दोन तारांमधून करंट झिरपायचा, त्याने ए रिले पूर्ण सुटायचाच नाही आणि पल्स खाल्ले जायचे. इंग्लंडात तर तारा एकमेकींना टेकून १ चे खोटे पल्स जायचे, म्हणून १९३७ ला लंडनमध्ये इमर्जन्सीचा नंबर १११ न ठेवता ९९९ ठेवला. यातलं बहुतेक एक्सचेंजच्या बाहेरचं आहे. फोन डेड व्हायचे तेही बहुतेक केबलमुळे, जॉइंटमुळे, खांबावरच्या तारेमुळे.

आतल्या चुका पण व्हायच्या. एका तालुक्याच्या गावी तीन आकडी एक्सचेंज होतं, तिथे एका डॉक्टरांची तक्रार, २४६ लावला की कधीकधी २३६ लागतो, तिकडे मिठाईचं दुकान, रात्रीबेरात्री दुकानदाराला पेशंटचे फोन. कधीकधीच लागायचा म्हणून आठवडाभर कुणाला सापडेना, दिवसभर टेस्ट केलं की बरोबर लागायचा. आमचे सीनियर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यांनी सांगितलं की त्या शंभराच्या गटाला दहा फायनल सिलेक्टर आहेत, त्यातला एकच आजारी असणार, ज्या कॉलच्या वाट्याला तो येतो तोच चुकतो. मग दुकानदाराला सांगितलं, असा फोन आला की रिसीव्हर ठेवू नका, समोरच्यालाही थांबवा. रात्री साडेदहाला निरोप आला, मी रॅकपुढे जाऊन उभा राहिलो, जोडलेला सिलेक्टर तसाच उभा होता, चौथ्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर. उभ्या मॅग्नेटचा स्ट्रोक कमी पडत होता, चारातला एक दात निसटायचा. फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, लावून स्क्रू अर्ध्या फेऱ्याच्याही आत फिरवला, झालं. आता सांगा, चूक झाली तर जिथे झाली तिथे जाऊन बोट ठेवून दाखवता येते असं किती यंत्रांबद्दल म्हणता येईल?

आणि ‘डायल टोनच येत नाही’ ही जी त्या काळातली कायमची रड, त्याचं कारण तर अजून वेगळं. फोन थोडे, त्यामुळे एका फोनवर अख्खी चाळ बोलायची, पीपी नंबर, म्हणजे शेजाऱ्याच्या फोनवर निरोप, आठवतात ना. एक लाइन जितकी वापरली जाईल असं धरून सिलेक्टर बसवलेले, त्याच्या कितीतरी जास्त वापर. गर्दीच्या वेळी युनिसिलेक्टरला मोकळा सिलेक्टर सापडतच नाही, लोक पुन्हा पुन्हा उचलणार, त्याने गर्दी अजून वाढणार. स्ट्रोजरनंतर साठच्या दशकात बेल्जियमच्या कंपनीकडून पेंटाकाँटा क्रॉसबार नावाची पुढची एक्सचेंज पद्धत आणली, तीही आपल्या या लोडखाली अडखळलीच, शेवटी आपल्या इंजिनिअरांना त्यात बदल करून भारतासाठीचं वेगळं क्रॉसबार करावं लागलं. दोष कमी फोन दिल्याचा होता, सिलेक्टरचा नाही.

जागा खूप लागायची, झीज व्हायची, माणसं खूप लागायची, बँकेचे कॉन्टॅक्ट मळले की लाइनवर खरखर यायची, डिजिटल यायलाच हवं होतं, मी स्वतः ते आल्यावर ट्रेनिंग घेऊन शिकलो. त्याबद्दल वाद नाही.

पण ‘कंप्युटरशी काडीचा संबंध नाही’ हे कुठून काढलं? १९३७ ला क्लॉड शॅनन या पोराने एमआयटीत जो प्रबंध लिहिला तो रिले आणि स्विचिंगच्या सर्किटवरच होता, एकापुढे एक लावलेले दोन कॉन्टॅक्ट म्हणजे ‘आणि’, शेजारी-शेजारी जोडलेले म्हणजे ‘किंवा’, हे गणितात मांडून दाखवलं, आजची प्रत्येक चिप त्यावर उभी आहे. त्याच वर्षी बेल लॅबच्या जॉर्ज स्टिबिट्झने घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टेलिफोनच्या रिलेंनी बेरीज करणारं सर्किट जोडलं. जर्मनीत कोनराड त्सुझेचा १९४१ चा झेड-३ कंप्युटर दोन हजारांहून जास्त रिलेंचा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेश फोडणारं कोलोसस बनवलं टॉमी फ्लॉवर्सने, तो ब्रिटिश पोस्ट ऑफिसचा टेलिफोन इंजिनिअर. जपानची ‘पर्पल’ सांकेतिक मशीन तर टेलिफोन एक्सचेंजसारख्या स्टेपिंग स्विचवरच चालायची, आणि अमेरिकनांनी ती न बघता तिची नक्कल बनवली तीही टेलिफोनचेच स्विच वापरून.

भंगारात गेलं हे मात्र खरं, रिलेच्या कॉन्टॅक्टमधल्या चांदीसाठी रॅकच्या रॅक तोडले. पण आमच्या बॅटरी रूममध्ये दोन-दोन व्होल्टचे पंचवीस सेल ओळीने असायचे, त्याचं पॉझिटिव्ह टोक मुद्दाम अर्थला, म्हणजे ओल लागली तरी लाइनची तार गंजून खाल्ली जात नाही, आणि गावची लाइट गेली तरी फोन चालू. माझा मुलगा मोबाइल टॉवरच्या मेंटेनन्सला आहे, परवा त्याच्याबरोबर एका साइटवर गेलो होतो, त्याने कपाट उघडलं आणि मीटर लावला, मायनस अठ्ठेचाळीस व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थला.