घाण्याचं तेल आणि वड्यांचा घाणा

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: घाण्यावरचं खोबरेल कितीही तापवा, काही होत नाही, धूर येईपर्यंत कुठलंही तेल चांगलंच, गाळलं की नव्यासारखं, आणि जे उडून गेलं ते गेलं. खाली अंगठ्यांची रांग.

खोबरेलाचं आधी, कारण त्यात तथ्य आहे. तेल खराब होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे, आणि त्याला पकड मिळते ती असंतृप्त मेदाम्लांच्या (तेलाच्या घटकांपैकी एका प्रकारच्या) साखळीतल्या दुहेरी बंधांपाशी. असं एक मेदाम्ल म्हणजे लिनोलेइक आम्ल: सूर्यफुलाच्या साध्या तेलात ते ६० टक्क्यांच्या घरात, खोबरेलात जेमतेम २. म्हणून खोबरेल टिकतं. पण आपण त्यात तळतो काय? बांगडा! त्याची चरबी तेलात उतरते, आणि तिच्यातल्या ओमेगा-३ आम्लांना पाच-सहा दुहेरी बंध. ती सगळ्यांत आधी खराब होतात. दुसऱ्या दिवशी तेल हिंवसलं तर घाणेवाल्याला बोल लावू नका.

धूर ही कसोटी मानायची तर घाण्याचं खोबरेल वड्यांच्या पहिल्याच घाण्याला नापास व्हायचं. ते १७५ अंशांच्या आसपास धुरकटतं, आणि तळण चालतं साधारण तेवढ्यावरच. उलट सूर्यफुलाचं रिफाइंड तेल धूर न सोडताही आतून बदलत असतं. ऑक्सिजन जोडला जाऊन आधी हायड्रोपेरॉक्साइडं नावाची अस्थिर संयुगं बनतात, मग ती फुटून हेक्झॅनल, नोनॅनल, डेकाडायनल अशी वासाची संयुगं, म्हणजे अल्डिहाइडं, होतात. गंमत म्हणजे जत्रेत ज्या खमंग वासाने पाय भज्यांच्या गाडीकडे वळतात, त्यात डेकाडायनलचा वाटा मोठा. तेव्हा वास आला म्हणजे विषच, असं ग्रुपवर उलट टोकाला जाऊन लिहिणारेही चूकच. प्रश्न किती आणि कितीदा, याचा.

गाळण्याने रवा आणि जळके कण जातात. तेवढा फायदा आहेच. तेलात विरघळलेली ही बिघाडाची संयुगं मात्र फडक्यातून तेलाबरोबरच खाली येतात. तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल बिघडत जाईल तशी वाढणारी, बिघाडाचं माप मानली जाणारी) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, हा नियम देशात १ जुलै २०१८पासून आहे; गाळलेल्या तेलाला त्यातून सूट नाही.

राहिलं उडून गेलेलं. ते जातं कुठे? तळणारीच्या नाकात. कढई फार तापली की डोळे चुरचुरतात, ते बरंचसं ॲक्रोलिन या झोंबणाऱ्या अल्डिहाइडमुळे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१०मध्ये उच्च तापमानावरच्या तळणाचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातला. आमच्या जुन्या रांधपात खिडकी एकच होती, आणि पावसाची झड येते म्हणून चार महिने तिला झाप लावलेला असायचा.