खुलासा: १९६७चा तो अल्बम कर्ट कोबेनच्या निर्वानाचा नाही

‘द स्टोरी ऑफ सायमन सायमोपॅथ’ हा अमेरिकन रॉक गायक कर्ट कोबेनच्या ‘निर्वाना’ या बँडचा हरवलेला पहिला अल्बम, असा मेसेज फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, माफ करा.

तारखा ताडून पाहिल्या. अल्बम १९६७च्या ऑक्टोबरचा, आयलंड रेकॉर्ड्सचा. कोबेनचा जन्म त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला. त्याच्या बँडचा पहिला अल्बम आला १९८९मध्ये.

हा अल्बम करणारी ‘निर्वाना’ त्याच नावाची, पण वेगळी, लंडनची. आयरिश पॅट्रिक कॅम्बेल-लायन्स आणि ग्रीक अ‍ॅलेक्स स्पायरोपुलोस या दोघांची. आपल्याला पंख फुटावेत म्हणून झुरणाऱ्या सायमनची गोष्ट त्यांनी गाण्यांतून सांगितली. त्यात चक्क एक नराश्वही (अर्धा माणूस, अर्धा घोडा) भेटतो. फार गोड अल्बम आहे, जरूर ऐका. नावावरून पुढे दोन्ही बँडमध्ये दावाही झाला, तो कोर्टाबाहेर मिटला.

या दोघांचं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.