‘२० मिनिटांत ब्रेक पॅड’: दाव्यातल्या गाळलेल्या जागा

पावसाळा तोंडावर आला की फोर-बाय-फोर गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: ब्रेकचे पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे धातूच्या चकतीला, दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) आवाज करू लागेपर्यंत बदलू नयेत, बदलायला एक जॅक, एक पाना आणि एक सी-क्लॅम्प (स्क्रूचा शिकंजा) पुरतो, चारही चाकांना रीत एकच, पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे दाबायचा आणि नवे पॅड सरकवायचे, ब्रेक ऑइलला हात लावायची गरज नाही, सारे काम २० मिनिटांचे असून गॅरेजवाले त्याचे फुकटचे पैसे घेतात. मी माझ्या गाडीचे पुढचे पॅड अंगणातच बदलतो, त्यामुळे हे काम घरी होते याबद्दल माझे दुमत नाही, आणि मजुरी वाचते हेही खरे आहे. आक्षेप आहे तो त्या २० मिनिटांना, कारण ती डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्या स्वच्छ गाडीची आहेत. ताम्हिणी घाटाच्या चिखलातून किंवा कोकणातल्या लाल मातीतून आलेल्या गाडीची नव्हेत.

आवाजाची वाट पाहावी, हा सल्ला ज्या पोलादी पत्तीच्या भरवशावर दिला जातो, ती पॅड झिजल्यावर डिस्कला घासून किंचाळते हे बरोबर आहे. मात्र ही पत्ती पुष्कळदा चाकाच्या दोन पॅडपैकी एकालाच असते, आणि बाजारात मिळणाऱ्या काही पॅडना ती नसतेच. शिवाय डिस्कवर अडकलेली वाळूही तसाच आवाज करते, तर जाड खाचांच्या टायरांची घरघर खरा आवाज गिळून टाकते. माझ्याच गाडीच्या डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड अर्ध्याहून अधिक शिल्लक असताना आतला पार लोखंडाला टेकला होता, आणि मला काहीही ऐकू आले नव्हते. म्हणून चाक काढून, बॅटरीच्या उजेडात आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहावेत. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल, तर त्या अॅक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या चाकजोडीच्या) दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलावेत.

आतलाच पॅड का झिजला, याचे उत्तर त्या संदेशाने पूर्णपणे गाळले आहे. अशा बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून डिस्कवर बसणाऱ्या चिमट्यात, पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचे संपूर्ण धूड दोन स्लाइड पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅड ओढून घेते. पिनांच्या रबरी टोप्या फाटल्या की चिखलपाणी आत शिरते, गंज धरतो, कॅलिपर सरकेनासा होतो आणि सगळा भार आतल्या पॅडवर पडतो. अशा अडकलेल्या पिनांवर नवे पॅड चढवले, तर तेही त्याच रीतीने लवकर संपतात. पिना बाहेर काढून पुसाव्यात, त्यांवर ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे, फाटक्या टोप्या बदलाव्यात आणि पिना नुसत्या हाताने सहज सरकतात याची खात्री करावी. घरात पडलेले साधे ग्रीस येथे चालत नाही, कारण खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते. खरा वेळ या कामातच जातो, आणि मला विचाराल तर पॅड बदलणे हे या सफाईचे केवळ निमित्त आहे.

सी-क्लॅम्पने पिस्टन मागे जातो, हे खरे. पण त्याआधी पिस्टनभोवतीचे रबर स्वच्छ केले नाही, तर चिकटलेली माती आपणच सीलपर्यंत (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यापर्यंत) ढकलतो. पॅड झिजले की टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी उतरते; ती पाहून कोणी मध्येच भर घातली असेल, तर पिस्टन मागे जाताना जास्तीचे ऑइल बाहेर सांडते आणि गाडीचा रंग सोलते, म्हणून आधी थोडे उपसून घ्यावे. सुटा केलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधून ठेवावा. ‘चारही चाकांना एकच रीत’ हे तर सरळ चूक आहे: तीन दारांची थार असो वा जिम्नी, मागे ड्रम (आतून ब्रेक लागणारे फिरते डबे) आहेत, तेथे पॅडच नाहीत, आणि ज्या गाड्यांना मागे डिस्क व विजेवर चालणारा हँडब्रेक आहे, त्यांचा पिस्टन हँडब्रेक सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या सेटिंगमध्ये) नेल्याशिवाय दाबू नये. जॅकबद्दल एवढेच, की ओल्या मातीत तो कलतो. खाली जाड फळी, उरलेल्या चाकांना दगड आणि गाडीखाली स्टँड हवेच.

ब्रेक ऑइलला हात लावू नये, हा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो. पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारी डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींची ऑइले हवेतील ओलावा शोषून घेतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आता हिशेब पाहा: दोन टनांची भरलेली गाडी घाटातून ६०० मीटर खाली उतरते, तेव्हा जवळजवळ ३५ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. खालचा गिअर टाकला तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलते. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर तो वाटा पॅड आणि डिस्कवर पडतो आणि उष्णता पिस्टनमार्गे ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि पेडल खाली जाते; पॅड कितीही नवे असले तरी. म्हणून पॅड बदलताना ऑइल किती जुने आहे ते पाहावे, आणि साधारण दोन वर्षे किंवा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मुदत उलटली असेल, तर ते बदलून नळ्यांत अडकलेली एअर काढून घ्यावी. हे काम एकट्याने जमत नसेल, तर ते गॅरेजमध्ये करून घेण्यात कमीपणा नाही.

संदेश ‘चाक लावा आणि निघा’ या शब्दांवर संपतो. पिस्टन मागे दाबलेला असल्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबले की ते थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. अंगण उताराचे असेल, तर पुढचे सांगायला नको. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी पेडल टणक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे आणि मग टाकीतील पातळी पाहावी. त्यानंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत वेग हळूहळू उतरवण्याचे आठ-दहा फेरे, मध्ये डिस्क थंड होऊ देत, करावेत. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल, तर तीच पाळावी. पहिले शंभर किलोमीटर होईपर्यंत घाट टाळावा, आणि तेवढे अंतर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासावेत.