वरून बोलावणे आल्यावर

सर्वप्रथम तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. आपल्याकडे 'वरून बोलावणे आले' असे कोणी म्हटले की ऐकणारा आवाज खाली आणून 'कधी?' असे विचारतो. परंतु तुम्ही उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या दुय्यम लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, हाणामारीच्या खात्यात नोकरीस असल्यामुळे तुमच्यापुरता या शब्दांचा अर्थ इतकाच, की एनएचएल या सर्वोच्च लीगमधील मुख्य संघाला उद्या रात्री तुमची गरज आहे. गरज नेमकी कशाची, हे फोनवर कोणी स्पष्ट बोलणार नाही. 'ऊर्जा', 'ताकद', 'मैदानावरील अस्तित्व' असे शब्द वापरले जातील आणि तुम्ही ते गंभीरपणे ऐकून घ्यावेत. प्रतिस्पर्धी संघात एक सव्वासहा फुटी गृहस्थ आहेत आणि मागच्या खेपेस त्यांनी आपल्या संघाच्या लाडक्या गोलवीराला कडेच्या फळीवर आपटले होते, हे तुम्हाला न सांगता कळायला हवे.

हॉकी म्हटल्यावर ज्यांना ध्यानचंद आठवतात, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. बर्फावरच्या या खेळात एन्फोर्सर नावाचे एक अलिखित पद असते. गोल करणे हे त्याचे काम नव्हे. गोल करणाऱ्याच्या अंगाला कोणी हात लावू नये, आणि लावलाच तर त्या हाताला पुढे बरेच दिवस आठवण राहावी, अशी व्यवस्था ठेवणे हे त्याचे काम. एडमंटनच्या संघात वेन ग्रेट्झकी या थोर गोलवीराच्या दिमतीस आधी डेव्ह सेमेन्को होता आणि पुढे मार्टी मॅकसोर्ली आला. 1988 मध्ये ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला देण्यात आले, तेव्हा नवरीबरोबर पाठराखीण जावी तसा मॅकसोर्लीही सोबत गेला. तुम्ही आता त्याच थोर परंपरेचे पाईक आहात, फक्त तुमची पाठवणी बसने होणार आहे.

सामान बेताचेच घ्यावे. एनएचएलमधील किमान वार्षिक पगार 2025-26 च्या हंगामात 7,75,000 डॉलर आहे हे खरे, आणि हा आकडा तुमच्या नातेवाइकांना तोंडपाठ असेल हेही खरे. मात्र तुमचा करार दुहेरी असल्याने वरचा पगार वरच्या दिवसांपुरता आणि खालचा पगार उरलेल्या आयुष्यासाठी, अशी त्याची वाटणी आहे. त्यातही, वेव्हर्सच्या, म्हणजे इतर संघांना हवे तर उचलता येणाऱ्या खेळाडूंच्या, यादीतून एकदा कोणी न उचलता परत आलेला खेळाडू वर दहा सामने खेळला किंवा तीस दिवस राहिला, की त्याला खाली धाडण्यापूर्वी पुन्हा इतर संघांपुढे मांडावे लागते. तुमच्या व्यवस्थापकांना दहापर्यंतचे अंक उत्तम येतात. म्हणून खालच्या गावातील खोली सोडण्याची घाई करू नये.

पहिल्या सामन्याच्या सरावाला बर्फावर उतरताना तुमचे सहकारी तुम्हाला आदराने पुढे करतील आणि स्वतः बोगद्याच्या तोंडाशीच थांबतील. हा अपमान नाही, नवख्याची एकट्याची फेरी काढण्याचा तो जुना रिवाज आहे. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद बर्फ त्या एका मिनिटापुरता तुमच्या एकट्याच्या मालकीचा असतो. या वेळात जमेल तितके पक, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी असलेल्या रबरी चकत्या, रिकाम्या जाळ्यात मारून घ्यावेत, कारण नंतर ती सोय उपलब्ध होईलच असे नाही.

आदर्श हवा असेल तर मॅट रेम्पेचा घ्यावा. एएचएलमधील हार्टफर्डच्या संघातून न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला वर आणले ते 18 फेब्रुवारी 2024 रोजी, न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियमच्या उघड्या मैदानावर, ऐंशी हजारांच्या आसपास प्रेक्षकांसमोर. पहिल्याच शिफ्टमध्ये, म्हणजे बर्फावरच्या पहिल्याच पाळीत, त्याने प्रतिस्पर्धी आयलँडर्सच्या मॅट मार्टिनशी हातमोजे टाकून मुष्टियुद्ध केले आणि पाच मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे शिक्षा भोगायच्या पेटीत, जाऊन बसला. त्या सामन्यात रेंजर्सने पाचास सहा गोलांनी विजय मिळवला, परंतु दुसऱ्या दिवशी चर्चा होती ती रेम्पेची. तोच रेम्पे पुढच्याच महिन्यात कोपर मारल्याबद्दल चार सामन्यांसाठी निलंबित झाला, तेव्हा शिस्तीची चर्चा सुरू झाली. माणूस एकच होता, हे कृपया कोणाच्या लक्षात आणून देऊ नये.

आता नियमांचे पाहू, कारण लीग नियमांच्या बाबतीत फार काटेकोर आहे. मारामारीला पाच मिनिटांची शिक्षा आहे. सुरुवात तुम्ही केली असे पंचांचे मत झाले तर वर आणखी दोन मिनिटे आणि दहा मिनिटांची घरी-बसणूक. त्यामुळे आधी विचारावे. 'येतोस का?' इतके पुरते, आणि बहुतेक वेळा समोरचा 'ये' म्हणतो, कारण त्याचाही करार दुहेरी असतो. एनएचएलमध्ये पंचवीसहून अधिक सामने न झालेल्यांनी चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल लावलीच पाहिजे, असे 2013 पासून ठरले आहे. आणि भांडताना स्वतःचे हेल्मेट स्वतः काढल्यास दोन मिनिटे वाढतात, हेही त्याच वर्षी ठरले. म्हणजे समोरच्याने आपली बोटे तुमच्या ढालीवर फोडून घ्यावीत, किंवा तुम्ही सभ्यपणाची किंमत दोन मिनिटांत मोजावी, यांतून निवड करायची. त्याच वर्षी सप्टेंबरमधील एका पूर्वहंगामी सामन्यात क्रिस बार्च आणि ब्रेट गॅलंट या दोघांनी यावर तोडगा काढला होता: व्याहीभेटीच्या थाटात त्यांनी एकमेकांची हेल्मेटे अलगद उतरवली आणि मगच एकमेकांना बडवायला घेतले. लीगला हा सुसंस्कृतपणा सहन झाला नाही, आणि असे करणाऱ्यांनाही शिक्षा होईल असे जाहीर करण्यात आले.

खालच्या लीगमध्ये तर मारामाऱ्या रेशनकार्डावर मिळतात. एका हंगामात दहावी झाली की एका सामन्याची सक्तीची रजा. वर तसा कोटा नाही, ही तुमच्या बढतीची खरी सवलत.

प्रत्यक्ष कार्याविषयी तुम्हाला मी काय सांगणार? तरीही वाचकांसाठी नोंद करतो की बर्फावर पाय रोवता येत नाहीत, म्हणून गुद्द्याला जोर येतो तो समोरच्याला घट्ट धरण्यातून. डाव्या मुठीत त्याची जर्सी उजव्या खांद्याजवळ पिळून धरायची, म्हणजे त्याचा मारणारा हात लंगडा होतो. तोही तुमची तशीच धरतो. आणि मग दोन धिप्पाड माणसे एकमेकांना मिठी मारून गोल गोल फिरत एकमेकांच्या कानशिलांचा अंदाज घेत राहतात. जर्सी मागून पट्ट्याने पँटला बांधलेली असते. तो पट्टा दोनदा तपासावा, कारण तो न बांधता जर्सी अंगावरून निघाली तर थेट बाहेर काढतात; अर्ध्या मिनिटाचे काम, आणि तेही अर्धवट. समोरचा पडला की हात आवरायचा. मग लाइन्समन, म्हणजे रेषेवरचे पंच, मध्ये शिरतात, आणि समोरच्याच्या पाठीवर थोपटून 'छान झाली' म्हणण्याची पद्धत आहे.

गोल मात्र चुकूनही करू नये. डेरेक बूगार्ड या नामांकित एन्फोर्सरने 277 सामन्यांत तीनच केले, यावरून व्यवसायाची मर्यादा ओळखावी. ज्याने ती ओळखली नाही तो जॉन स्कॉट. 2016 च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक नामवंतांच्या, सामन्यासाठी प्रेक्षकांनी थट्टेने त्याला भरघोस मते देऊन कर्णधार केले. लीगने त्याला माघार घेण्यास सुचवून पाहिले. दरम्यान त्याच्या संघाने त्याला मॉन्ट्रियलला देऊन टाकले आणि तिथून त्याची रवानगी थेट सेंट जॉन्सला, एएचएलमध्ये झाली. तरीही हा गृहस्थ नॅशव्हिलला गेला, दोन गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान घेऊन सहकाऱ्यांच्या खांद्यावरून बाहेर आला. इतकी वर्षे त्याला गुद्देच मारायला का लावले, असा प्रश्न त्यामुळे उगाच निर्माण झाला.

डोक्याची काळजी घ्यावी, असे लीगचेही म्हणणे आहे. बूगार्ड 2011 च्या मे महिन्यात अठ्ठाविसाव्या वर्षी वेदनाशामक गोळ्या आणि दारूने गेला, आणि बोस्टनला त्याचा मेंदू तपासला तेव्हा वारंवार मार बसणाऱ्यांना होणारा सीटीई हा विकार त्यात आढळला. 2018 मध्ये लीगने 318 माजी खेळाडूंशी सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरवर तडजोड केली, अर्थात जबाबदारी मान्य न करता. आणि पुढच्याच वर्षी आयुक्त गॅरी बेटमन यांनी कॅनडाच्या संसदीय समितीपुढे सांगितले की हॉकीमुळेच सीटीई होतो असे ठरवण्याइतका पुरावा नाही. तेव्हा निर्धास्त असावे. पुरावा जमवण्याचे काम चालू आहे, आणि त्यात तुमचा वाटा लवकरच जमा होईल.

सामना संपल्यावर उजवा हात बर्फाच्या बादलीत मनगटापर्यंत बुडवून बसावे. बोटांची पेरे सुजून एकमेकांना चिकटतात, म्हणून अंगठी आदल्या दिवशीच काढून ठेवलेली बरी. पत्रकार तुमच्याभोवती जमतील आणि स्वप्न साकार झाल्याची भावना कशी असते ते विचारतील. ओठ फुटलेला असल्यास उत्तर थोडक्यात द्यावे. खाली जाण्याचा निरोप बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, त्यामुळे रात्री बॅग उघडण्याचे कष्ट घेऊ नयेत. तेवढ्यात घरून आईचा फोन येईल. तो डाव्या हाताने उचलावा, आणि किती वेळ खेळलास असे तिने विचारले, तर पेटीत बसलेली पाच मिनिटेही धरून सांगावीत.