अरे, त्या विचला हात लावू नका!

‘लेफ्ट फोर डेड २’ हा चौघांनी मिळून झॉम्बी मारायचा व्हिडिओ गेम आला २००९ मध्ये. इतकी वर्षं झाली, तरी विच, म्हणजे त्यातली रडणारी झॉम्बी बाई, दिसली की लोकांचे हात शिवशिवतातच!

अरे, ती रडत बसलीय ना कोपऱ्यात? बसू दे की! टॉर्च बंद करायचा, लांबून गुपचूप पुढे सरकायचं. बास. पण नाही. चौघांतला एक महाभाग थेट तिच्या तोंडावर टॉर्च मारणार, दुसरा उगाच एक गोळी झाडून बघणार. एक्सपर्टवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, तिचा एक फटका म्हणजे खेळ खल्लास, हे माहीत असूनही!

बूमरचं, त्या फुगलेल्या झॉम्बीचं, तर विचारूच नका. त्याच्यात जीव तो केवढा, चार गोळ्यांत फुटतो. म्हणूनच लांब असताना फोडायचा. जवळ आलाच तर आधी ढकलायचा, मागे सरायचं, मग गोळी. आमचे साहेब मात्र तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहीपर्यंत थांबतात आणि मग नेम साधतात. अंगभर ती घाण, समोरचं काही दिसत नाही आणि अख्खी झुंड माझ्यावर!

स्मोकर नावाच्या झॉम्बीने लांब जिभेने ओढून नेलं तर कुणी वळूनही बघत नाही, ते एक सोडा.

टँक, म्हणजे तो आडदांड झॉम्बी, आला की सगळ्यांना एकदम मोलोटोव्ह, म्हणजे फेकायची पेटती बाटली, आठवतो. तो कुणीतरी आधीच दोन किरकोळ झॉम्बींवर उधळलेला असतो. मग चौघं चार दिशांना पळतात, टँक ज्याच्या मागे लागलाय त्याला कव्हर द्यायला कुणी नाही. वर माईकवर शांतपणे विचारतात, “डिफिकल्टी कमी करायची का?”